काठीच्या गोष्टीचा उरलेला भाग

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, देवापुढे हात जोडून उभा राहिलो तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही. आणि मी काही कमी बोलणारा माणूस नव्हे — आमच्या पिंपळगावात कोणालाही विचारा. लग्नाची पंगत उठली, सुपारी फुटली, की कोणीतरी म्हणतंच, वसंतराव, ती काठीची गोष्ट होऊन जाऊ द्या. मी थोडं नाही-नाही करतो, उपरणं कमरेला बांधतो, घसा साफ करतो — आणि मग अर्धा तास माणसं पोट धरून हसतात.

कदाचित तुम्हीही ऐकली असेल. नसेल तर आधी तीच सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आणि — खरं सांगू का? — ती सांगताना मला अजूनही मजा येते. हाही माझ्या अपराधाचाच भाग आहे असं धरून चला.

तर ऐका.

आमच्याकडे शिमग्याच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे खोट्या कागदांचे दिवस. चावडीच्या भिंतीवर नोटिसा लागायच्या. अमक्याच्या म्हशीनं पाटलाच्या दारात शेण टाकल्याबद्दल तिनं सोमवारी जातीनं हजर राहावं. तमक्याच्या मिशीवर या वर्षापासून पाणीपट्टी बसेल. कोणी लिहिलं ते सगळ्या गावाला ठाऊक असायचं, तरी विचारायचं नाही. विचारलंच, तर लिहिणाऱ्यानं तोंडानं कबूल करायचं नाही — छातीवर हात ठेवायचा, कमरेत वाकायचं आणि एक झोकदार मुजरा करायचा. मुजरा झाला की कबुली झाली. पुढे कोणी रागवायचं नाही. ही रीत. ती ध्यानात ठेवा.

नव्वद टक्के नोटिसा माझ्या. गणपतीतल्या नाटकांत राजा मी, हवालदार मी, सासू मी. मास्तरांचा मुलगा असून मॅट्रिकला दोनदा आपटलो होतो, पण साहेबाचा आवाज काढायला सांगा — साहेबाची बायको फसली असती.

देविदास माझा वर्गमित्र. त्याचे वडील खामगावला कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला, कायम खोकणारे. मिशांना, भुवयांना कापसाचे तंतू चिकटलेले. त्यांच्या सात पिढ्यांत मॅट्रिक झालेला देविदास पहिला. तो एका खेपेत, मी तिसऱ्या. दोघंही बेकार. सकाळी बाबूलालच्या हॉटेलात एका चहावर दोन तास बसायचं आणि पोस्टमनची वाट बघायची — गावातली पंधरा-वीस शिकलेली पोरं तेव्हा हेच करत होती.

त्या वर्षी मी चावडीची भिंत सोडली आणि थेट टपाल धरलं. खामगावला कोर्टाच्या आवारात अर्ज टाइप करून देणारा एक जण ओळखीचा होता, त्याच्याकडून एक पत्र उठवलं. उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की — असं सगळं. बटाटा कापून शिक्का केला. पत्रानं देविदासला खामगावच्या एका कचेरीत मुलाखतीला बोलावलं होतं. सोबत मूळ प्रमाणपत्रे, दोन छायाचित्रे, 'व उंचीची पडताळणी करणेकामी, उमेदवाराच्या उंचीइतकी एक सरळ काठी स्वखर्चाने आणावी.'

पोस्टमन आमच्यातलाच. त्यानं गंभीर चेहऱ्यानं ते पत्र देविदासच्या हातात ठेवलं.

त्याला खरं वाटलं. का वाटू नये? समोर जिवंत उभ्या असलेल्या माणसाकडे जन्माचा दाखला मागतं ते सरकार. ज्या अधिकाऱ्यानं तुम्हाला जन्मात पाहिलं नाही, त्याच्याकडून तुमची वागणूक चांगली असल्याचं लिहून आणा म्हणतं. मग काठी का नाही मागणार? त्याच्या आईनं त्याला भिंतीला टेकून उभं केलं, डोक्यावर कोळशाची रेघ ओढली, आणि त्या मापाचा बांबू कापता कापता म्हणाली, "काऊन रे बापू, सरकारच्या घरी लाकडाचा बी दुष्काळ पडला काय?"

एसटीत ती काठी मावेना. कंडक्टर म्हणे हिचं तिकीट काढ, ही तुझ्याएवढी आहे. देविदास म्हणे माझ्याएवढीच पाहिजे, तेच तर काम आहे. खामगावात कचेरीच्या दाराशी शिपायानं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं, काठीला खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि आत जाऊन वर्दी दिली, "सायब, एक जण आपली उंची घेऊन आला."

साहेब बाहेर आले. पत्र हातात घेतलं, शिक्का नाकाशी नेला. बटाट्याचा वास.

संध्याकाळच्या गाडीनं देविदास परत आला तेव्हा अख्खं हॉटेल वाट बघत होतं. तो दारात उभा — हातात काठी, डोक्याबरोबर डोकं. मी छातीवर हात ठेवला आणि जन्मात केला नसेल असा मुजरा केला. तो क्षणभर नुसताच बघत राहिला. मग हसला. खो खो हसला, आणि ती काठी हलकेच माझ्या पाठीत घातली.

इथे माझी गोष्ट संपते. इथे टाळ्या पडतात.

पण गोष्ट इथे संपलेली नाही. आता पुढचं सांगायचं तर — बघा, आत्तापर्यंत किती भराभर लिहीत होतो, आणि आता मधेच उठून पाणी पिऊन आलो.

आधी मागच्या एका दिवसाकडे जावं लागेल. बुलढाण्याला सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवायला गेलो तो दिवस. आम्ही त्याला एक्स्चेंज म्हणायचो. नाव नोंदवलं की कार्ड मिळायचं, कार्डावर नंबर, आणि जागा निघाली की नंबरानं बोलावणं. जो आधी नोंदला तो आधी. देविदास माझ्या दोन वर्षं आधी पास झाला होता. तेव्हाच गेला असता तर कधीच कुठंतरी चिकटला असता. तो गेला नाही. मी पास होईपर्यंत थांबला. संगंसंगंच जाऊ, म्हणाला. दोन वर्षं, माझ्यासाठी! मी त्याला कधी थांब म्हटलं नव्हतं. पण जा तरी कुठे म्हटलं?

बुलढाण्याला ही लांब रांग. आमची दोघांची जागा त्यानं धरली, कारण मी रांगेबाहेर उभा राहून खिडकीतल्या कारकुनाची नक्कल करत होतो आणि पोरं हसत होती. आमची पाळी आली तेव्हा मी म्हटलं, तू हो पुढं, माझा खेळ रंगलाय. त्याचं कार्ड झालं, मग माझं. लागोपाठचे नंबर. त्याचा आधी, लगेच पुढचा माझा. परतीच्या गाडीत आम्ही दोघांनी दोन्ही नंबर पाठ केले, शाळेतल्या कवितेसारखे.

आता पुढं या.

काठीच्या शिमग्यानंतर जो पावसाळा यायचा होता, तो आलाच नाही. त्याच्या आदलाही धड नव्हता. कापूस नाही म्हणून जिनिंगची चाकं बंद. देविदासचे वडील घरी बसले. खोकला तेवढा चालू. मलकापूरच्या अडत्यांनी तोलारी, हमाल कमी केले. बाबूलालच्या हॉटेलात आता नुसती पोरं नव्हती, त्यांचे बापही येऊन बसायला लागले, आणि बाप समोर बसला की पोरगा चहा मागत नाही. बाकं भरलेली आणि भट्टी थंड — असं हॉटेल मी तेव्हाच पाहिलं.

सरकारनं कामं काढली. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग, आणि मैलोगणती खडी. मागेल त्याला काम. वीस एकरवाला आणि बिनजमिनीचा, दोघं एकाच ढिगावर बसून दगड फोडायचे. दुपारी सुकडी, म्हणजे गोडसर पिठाची भुकटी, वाटायचे. घरी परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, त्या थापताना बायांच्या हातांत तुटायच्या. नावं ठेवायला सोपं आहे, पण त्या कामांनी माणसं जगवली. हे मी नंतर सरकारी पगार घेतला म्हणून म्हणत नाही.

शिकलेल्या पोरांची मात्र पंचाईत झाली. हातोडा उचलला तर मॅट्रिकचा कागद कशाला कमावला? आणि नाही उचलला तर खायचं काय? तेवढ्यात बातमी आली, की या कामांवर हजेरी मांडायला कारकून घेणार. एक्स्चेंजमार्फत, नंबरानं. देविदास हातोडा उचलायचा थांबला. आठ दिवस पाहू म्हणाला. मग आणखी आठ दिवस. त्याची आई कामावर जायला लागली होती, आणि तो रोज सकाळी हॉटेलात येऊन पोस्टमनच्या सायकलची घंटी ऐकत बसायचा.

शिमगा बारा-चौदा दिवसांवर आला होता.

सकाळी नऊचा सुमार. मोरीजवळचं टेबल आमचं — एक पाय आखूड, कोपर टेकवलं की चहा बशीत. पोस्टमन आला आणि त्यानं देविदासच्या हातात खाकी पाकीट ठेवलं. गंभीर चेहऱ्यानं. पोस्टमनचा चेहरा बिचाऱ्याचा तसाच होता, पण आता त्यावर कोण विश्वास ठेवणार? देविदासनं पाकीट फोडलं आणि मोठ्यानं वाचायला लागला. हजेरी कारकून, तात्पुरत्या स्वरूपात, मुलाखतीस अमुक दिवशी खामगाव येथे उपस्थित राहावे. पाच दिवसांनंतरची तारीख. सगळे पुढं वाकले. आणि मग शेवटची ओळ — 'स्वतःची सायकल असल्यास सोबत आणावी.'

हॉटेल फुटलं. काठी झाली, आता सायकल! पुढच्या साली म्हैस आणाले सांगन! यंदा वसंतानं लवकरच बोहनी केली! बाबूलाल भट्टीमागून डोळे पुसत होता.

देविदास हसत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

तो चेहरा कसा सांगू? मी इतके चेहरे काढून दाखवतो, पण तो मला काढता येत नाही. त्याला वाटत होतं की मी नाही म्हणावं. एवढंच. त्यानं पत्र माझ्यापुढे धरलं आणि हळू आवाजात, मला एकट्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "वसंता, खरं सांग बे. हे बी तुयंच व्हय काय? मायावाला नंबर हाय याच्यात. तुयाबिगर कोणाले पाठ हाय?"

मी पत्र हातात घेतलं. शिक्का जांभळा, फिसकटलेला — माझा बटाटा त्याहून ठसठशीत उठला होता. कागद खरा होता. अक्षर न् अक्षर खरं होतं. वर त्याचा नंबर टाइप केलेला.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की हॉटेल हसत होतं, रंग चढला होता, आणि माझ्यासारख्या माणसाला भरलेला रंग मोडवत नाही. खोटं आहे. मला भुरळ पडली नव्हती. हसण्याचा आवाजसुद्धा मला त्या वेळी ऐकू येत नव्हता. मी तो नंबर वाचला, आणि मनात त्याच्यापुढचा म्हटला. तो गेला नाही तर पुढच्याला बोलावतात, हे मला माहीत होतं. जागा किती, कोणालाच माहीत नव्हतं. तो नंबर आणि हा नंबर — कवितेची एक ओळ आणि तिची पुढची ओळ. एवढाच विचार, पण पुरा केला. घाईनं नाही. नीट.

मग मी पत्र त्याच्या हातात परत दिलं, छातीवर हात ठेवला, आणि मुजरा केला.

झालं. हेच ते.

त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी विझलं, आणि मग — हे मला सोसत नाही — तो हसला. रीत पाळली त्यानं. पत्राची चौपदरी घडी केली, वाकून टेबलाच्या आखूड पायाखाली सारली, कोपर टेकवून पाहिलं, आणि सगळ्यांना म्हणाला, "चला, सरकारचा कागद एकडाव तरी कामी आला."

त्या पत्राची घडी बरोबर बसली होती. टेबल डुगडुगायचं थांबलं.

तुम्ही म्हणाल, एका क्षणाचं होतं, माणसाकडून होतं. पण तारीख पाच दिवसांवर होती हो! पाच सकाळी मी त्याच टेबलावर बसलो. पाच सकाळी ते पत्र माझ्या पायापासून वीतभर अंतरावर होतं. वाकायचं, ओढायचं, म्हणायचं — गड्या, हे खरं आहे, जा. पाच शब्द. पहिल्या दिवशी वाटलं उद्या सांगू, उद्या सांगितलं तरी चालतं. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता सांगितलं तर काल का नाही सांगितलं म्हणेल. तिसऱ्या दिवशी बाबूलालनं झाडताना टेबल सरकवलं. पत्र बाहेर आलं, एक घडी उलगडून मोरीच्या ओल्या काठाशी पडलं. हॉटेलात त्या वेळी मी आणि बाबूलाल, दोघंच. त्याची पाठ माझ्याकडे.

मी ते उचललं. पुसलं. पुन्हा घडी घातली — आणि पुन्हा टेबलाच्या पायाखाली सारलं. माझ्या हातानं. तिथं कोण हसत होतं? कोणाचा रंग मोडणार होता?

मुजऱ्याची क्षमा कोणी करीलही. या घडीची करू नये.

पाचव्या सकाळचं शेवटी सांगतो.

दहा-बारा दिवसांनी मला पत्र आलं. तसंच खाकी पाकीट, तसाच फिसकटलेला शिक्का. मी ते हॉटेलात उघडलं नाही. मेहुण्याची सायकल मागून घेतली. खामगावला कचेरीत चार-पाच प्रश्न झाले. मग समोरच्या साहेबांनी यादीवर पेन्सिल ठेवून विचारलं, तुमच्या आधीचा उमेदवार आला नाही, तुमच्याच गावचा दिसतो, ओळखता का? मुजऱ्यात मी तोंड उघडलं नव्हतं. इथं उघडलं. म्हणालो, तो गाव सोडून गेला, साहेब. स्वच्छ आवाजात, नाटकातल्यासारखा. साहेबांनी रेघ मारली.

मला आमच्याच रस्त्याच्या कामावर नेमलं. पहिल्या सकाळी बाभळीखाली पेटी ठेवली, हजेरीपट उघडला आणि टोळी टोळीनं नावं पुकारायला लागलो. आवाज माझा खणखणीत, लोक खूश. मग त्याचं नाव आलं. पटावर होतं ते मी आदल्या दिवशीच पाहिलं होतं. पुकारलं. गर्दीतून तो पुढं आला, खांद्यावर हातोडा, पापण्यांवर दगडाची भुकटी — त्याच्या बापाच्या कापसासारखी पांढरी. बाभळीला टेकवलेल्या सायकलकडे त्यानं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग साधेपणानं विचारलं, "तुले बी सायकल आणाले सांगतली व्हती काय रे?"

मी पटात बघत राहिलो. मागची माणसं नाव पुकारण्याची वाट बघत होती. मग तोच म्हणाला, "हजर."

त्यानंतर कित्येक महिने, रोज सकाळी, मी त्याचं नाव घ्यायचो आणि तो हजर म्हणायचा. दुसरा शब्द नाही. कोणाला काही सांगितलं नाही त्यानं, भांडण काढलं नाही. साहेबाकडे जाऊन ओरडला असता तर माझी नोकरी गेली असती, निदान लाज तरी गेली असती. तो नुसता हजर म्हणायचा. कार्डाचं नूतनीकरण करायलाही पुन्हा गेला नाही. मी एकदा विचारलं — निर्लज्जपणा बघा — तारीख उलटेल, जात का नाहीस? त्यानं ऐकलं न ऐकलंसं केलं.

उन्हं कडक झाली तेव्हा एके दिवशी खडीची कपची त्याच्या डाव्या डोळ्यात गेली. दवाखाना सहा मैल. मी त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि हाणत निघालो. एक हात त्यानं डोळ्यावर दाबून धरला होता, दुसऱ्या हातानं माझा सदरा. सहा मैल! मागं बसलेल्याला तोंड दाखवावं लागत नाही. माणूस काहीही कबूल करू शकतो. मी काय केलं ठाऊक आहे? वेदना विसराव्यात म्हणून त्याला नकला करून दाखवल्या. कंडक्टरची केली. शिपायाची केली. तो मागे, खड्डा आला की सदरा घट्ट धरायचा.

डोळा गेला. तो एका डोळ्यानं पुन्हा ढिगावर बसला.

पुढं रोजगार हमीचा कायदा झाला, कामं राहिली, मीही राहिलो. तात्पुरत्याचा कायम झालो, कायमचा वरिष्ठ झालो. देविदास आता त्याच जिनिंगला राखणदार आहे — हंगाम असेल तेव्हा. हंगाम नसेल तेव्हा काय करतो, मी विचारलेलं नाही.

मागच्या वर्षी त्याच्या मुलीचं लग्न झालं. बोलावलं, गेलो. पंगती उठल्यावर पोरांनी धरलं, काठीची गोष्ट. मी म्हटलं, आज नको. तेव्हा मांडवाच्या खांबाशी उभा असलेला देविदासच म्हणाला, सांग की, पाव्हण्यांनी ऐकली नाही. मग सांगितली. देवाशपथ, इतकी चांगली कधीच रंगली नव्हती. 'आपली उंची घेऊन आला'ला वऱ्हाडी मंडळी गडबडा लोळली. तोही हसला, जिथं जिथं हसायचं तिथं. मी मुजरा करून थांबलो, टाळ्या पडल्या. टाळ्या संपल्यावर तो खांबापासूनच म्हणाला, "पुढचं सांग ना बे, वसंता. थांबला काऊन?"

पाहुणे माझ्याकडे बघायला लागले. अजून आहे? मी उपरणं सोडलं, झटकलं, खांद्यावर टाकलं. म्हणालो, पुढं काय? संपली.

"हाव," तो म्हणाला. "संपली." आणि पत्रावळी उचलायला गेला.

ते पत्र माझ्याकडे आहे. तारीख उलटून गेल्यावर मी ते टेबलाखालून काढून आणलं. बाबूलालनं त्या जागी कौलाचा तुकडा सारला. का आणलं, सांगता येत नाही. ट्रंकेत आहे. मधोमध टेबलाच्या पायाचा गोल डाग, पण अक्षरं सगळी लागतात.

आता पाचवी सकाळ. मुलाखतीची सकाळ. देविदास रोजच्याहून लवकर आला. त्याच्या हातात हातोडा होता, वडिलांनी शेजाऱ्याकडून मागून आणलेला. त्या दिवशी तो पहिल्यांदा खडीवर निघाला होता. मी टेबलावर होतोच. त्यानं हातोडा टेबलावर ठेवला, चहा मागवला, बशीत ओतला आणि दोन्ही कोपरं टेकवून बसला. खामगावची गाडी फाट्यावर आली, थांबली, तिनं दोनदा हॉर्न दिला. तिथून दिसत होती. कोणी चढलं नाही. गाडी गेली.

त्या तारखेला देविदास गैरहजर होता असं कुठल्यातरी सरकारी यादीवर लिहिलेलं असेल. तो माझ्यासमोर बसला होता. टेबलावर हातोडा होता, हातोड्याशेजारी काठोकाठ भरलेली बशी, आणि एक थेंबसुद्धा सांडला नाही.